शिट्टी वाजल्यानंतर : फुटबॉलमधील दोष, शिस्त आणि पुनरारंभ

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शिक्षक, पंचायत सदस्य आणि अधिकारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



शिवनेरीच्या पायथ्यापासून भीमाशंकरच्या अरण्यापर्यंत पसरलेल्या जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांना खेळाचे वेड लावावे लागत नाही. ग्रामदैवताची यात्रा आली की कुस्त्यांचा आखाडा रंगतो, घाटात बैलगाडे धावतात, आणि शाळांच्या पटांगणांत कबड्डी व खो-खो यांचे डाव वर्षभर चालू असतात. फुटबॉल हा त्या मानाने येथला नवा पाहुणा होय. मुंबईत १८९१ साली रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली आणि कोल्हापुरात तालीम मंडळांनी हा खेळ पेठापेठांत रुजविला. ग्रामीण महाराष्ट्रातील शाळांपर्यंत तो मोठ्या प्रमाणावर पोचविण्याचा प्रयत्न झाला तो २०१७ साली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली आणि तिचे काही सामने नवी मुंबईत खेळविले गेले. त्याच्या आधी, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, राज्यातील दहा लाख मुलामुलींनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा उपक्रम शासनाने योजिला आणि त्यासाठी शाळांना फुटबॉल देण्यात आले.

चेंडू शाळेपर्यंत पोचविणे हे काम तुलनेने सोपे असते. नियम पोचविणे अवघड. गावच्या स्पर्धेत शिट्टी ज्याच्या हाती येते तो गुरुजी बहुधा गणिताचा किंवा मराठीचा असतो. खेळ ऐन रंगात येतो, एक मुलगा दुसऱ्याला पाडतो, शिट्टी वाजते आणि मैदानाच्या दोन्ही बाजूंनी एकच प्रश्न उठतो, “आता काय?” त्या प्रश्नाचे उत्तर शांतपणे आणि ठामपणे देता आले नाही तर सामना बाजूला राहतो आणि दोन गावांत वाद उभा राहतो. पुष्कळदा यात पंचाची नियत वाईट नसते. त्याच्या मनात तीन निराळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात, एवढेच.

तीन निराळे प्रश्न

पहिला प्रश्न, नियमभंग झाला काय आणि कोणता? दुसरा, तो करणाऱ्या खेळाडूवर शिस्तीची कारवाई आवश्यक आहे काय? तिसरा, खेळ कोठून, कोणाकडून आणि कोणत्या प्रकारे पुन्हा सुरू करावयाचा? हे तीन प्रश्न याच क्रमाने आणि वेगवेगळे सोडविले की फुटबॉलच्या नियमांतील निम्मा गुंता सुटतो.

पंचायत सदस्यांना हा भेद परका वाटू नये. कोणाची जनावरे दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरली तर त्यांना कोंडवाड्यात घालून मालकाकडून दंड घेतला जातो. पण तेवढ्याने ज्याचे पीक गेले त्याचे समाधान होत नाही. नुकसानभरपाईची बाब वेगळी राहते. दंड हा चुकणाऱ्याला असतो, भरपाई ही सोसणाऱ्याला असते. फुटबॉलमध्ये पिवळे वा लाल कार्ड हा दंड आहे, आणि फ्री किक वा पेनल्टी किक ही भरपाई आहे. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

आपल्या मातीतल्या खेळांतही हा विचार आहे. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधून दिले. त्या खेळात पाठलाग करणाऱ्याने फाऊल केला की त्याला उलट दिशेने जाऊन तो सुधारावा लागतो. तोवर पळणाऱ्याला अवधी मिळतो. ही एक प्रकारची भरपाईच आहे. कबड्डीत हिरवे, पिवळे आणि लाल कार्ड असते. तो दंड आहे. मात्र कबड्डीत एक चढाई संपली की दुसऱ्या संघाची चढाई ठरलेलीच असते. फुटबॉलमध्ये खेळ कोणत्याही क्षणी, मैदानाच्या कोणत्याही कोपऱ्यात थांबू शकतो, आणि तो कसा सुरू करावा हे दर वेळी नव्याने ठरवावे लागते. म्हणून पुनरारंभाचा प्रश्न येथे फार महत्त्वाचा ठरतो.

दोष कोणता?

पहिल्या प्रश्नाकडे वळू या. फुटबॉलमध्ये अंगाला अंग लागणे हा दोष नाही. चेंडूसाठी खांद्याला खांदा लावून झुंजणे नियमात बसते. लाथ मारणे, पाय घालून पाडणे, अंगावर उडी घेणे, ढकलणे, मारणे, धडक देणे किंवा चेंडू हिरावताना प्रतिस्पर्ध्याला अडविणे, ही कृत्ये निष्काळजीपणे, बेदरकारपणे किंवा अवाजवी बळ वापरून केली तर ती दोषास पात्र ठरतात. लाथ किंवा ठोसा नेमका लागलाच पाहिजे असे नाही. तसा प्रयत्नही दोषच आहे. धरून ठेवणे, चावणे, थुंकणे आणि हाताने चेंडू खेळणे हेही याच गटात येतात. या दोषांसाठी प्रतिपक्षाला थेट फ्री किक मिळते. तिच्यावर चेंडू सरळ प्रतिपक्षाच्या गोलात गेला तर गोल धरला जातो.

हाताच्या दोषाबद्दल मैदानाबाहेरून सर्वांत अधिक ओरड होते. चेंडू हाताला लागला एवढ्यावरून दोष ठरत नाही. हात मुद्दाम चेंडूकडे नेला असेल, किंवा अंगाचा विस्तार वाढेल अशा अस्वाभाविक रीतीने तो पसरलेला असेल, तर दोष मानावा. अंगालगत असलेल्या हातावर जवळून मारलेला चेंडू आदळला तर खेळ चालू ठेवावा. मात्र चेंडू मारणाऱ्याच्या स्वतःच्या हाताला लागून लगेच गोल झाला, तर तो चुकून लागला असला तरी गोल धरला जात नाही.

दुसरा गट सौम्य दोषांचा. प्रतिस्पर्ध्याला स्पर्श न होता केलेला धोकादायक खेळ, उदाहरणार्थ त्याच्या डोक्याजवळ पाय उंचावणे. स्पर्श न करता त्याची वाट अडविणे. गोलरक्षक हातातील चेंडू सोडत असताना त्यास प्रतिबंध करणे. आणि सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेणे. हा शेवटचा नियम १९९२ साली आला, कारण चेंडू मागे देऊन वेळ काढण्याची सवय फार वाढली होती. या दोषांसाठी अप्रत्यक्ष फ्री किक असते. ती देताना पंचाने एक हात सरळ वर धरावा आणि चेंडू दुसऱ्या खेळाडूला लागेपर्यंत तो खाली घेऊ नये. अप्रत्यक्ष फ्री किकवरून चेंडू कोणाला न लागता प्रतिपक्षाच्या गोलात गेला तर गोल होत नाही. प्रतिपक्षाला गोल किक मिळते. वर धरलेला हात ही साऱ्या मैदानाला दिलेली सूचना असते. ती दिली नाही तर पुढचा वाद पंचानेच ओढवून घेतला असे होते.

थेट फ्री किकचा दोष बचाव करणाऱ्याने स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात केला, तर त्यासाठी पेनल्टी किक असते. ही शिक्षा नियमांत १८९१ साली आली. येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. दोष कोठे घडला ते पाहावयाचे; चेंडू कोठे होता ते पाहावयाचे नाही. चेंडू खेळात असताना, तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असला तरी, बचावपटूने आपल्या पेनल्टी क्षेत्रात प्रतिस्पर्ध्याला लाथ मारली तर पेनल्टी किकच द्यावी लागते.

शिस्त किती?

आता दुसरा प्रश्न. १९६६ च्या विश्वचषकात इंग्लंड व अर्जेंटिना यांच्या सामन्यात पंचाचे म्हणणे खेळाडूंना कळेना आणि मोठा गोंधळ उडाला. पंचांचे काम पाहणारे केन ॲस्टन यांना रस्त्यावरील वाहतुकीचे दिवे पाहून कल्पना सुचली की, पिवळा म्हणजे सावध आणि तांबडा म्हणजे थांब, हे कोणत्याही भाषेच्या माणसाला कळते. १९७० च्या मेक्सिकोतील विश्वचषकात ही कार्डे प्रथम वापरली गेली.

कार्ड दाखवावे की नाही यासाठी वर आलेले तीन शब्द मोजमापासारखे वापरावेत. कृत्य निष्काळजीपणाचे असेल तर फ्री किक पुरे. कार्डाची जरूर नाही. कृत्य बेदरकार असेल, म्हणजे दुसऱ्याला इजा होईल याची पर्वा न करता केलेले असेल, तर पिवळे कार्ड. अवाजवी बळ वापरून दुसऱ्याचे हातपाय धोक्यात घातले असतील तर लाल कार्ड. तिन्ही प्रसंगी फ्री किक तीच, जागा तीच. बदलते ती फक्त शिस्त.

याखेरीज शब्दाने वा हावभावाने पंचाचा निषेध करणे, खेळ पुन्हा सुरू होण्यास विलंब लावणे, फ्री किकच्या वेळी ९.१५ मीटर अंतर न सोडणे, वारंवार दोष करणे आणि पडल्याचे सोंग करणे यांसाठी पिवळे कार्ड असते. मारामारी, थुंकणे, चावणे आणि शिवीगाळ यांसाठी लाल कार्ड असते. गोलाची स्पष्ट संधी दोषाने हिरावणाऱ्यालाही सामान्यतः लाल कार्ड मिळते. मात्र पेनल्टी क्षेत्रात चेंडू खेळण्याच्या खऱ्या प्रयत्नात तसे घडले आणि पेनल्टी किक दिली, तर पिवळे कार्ड पुरेसे मानले जाते. एकाच सामन्यात दोन पिवळी कार्डे झाली की लाल कार्ड होते. बाहेर घालविलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा घेता येत नाही, आणि संघात सातांहून कमी खेळाडू उरले तर सामना पुढे चालविता येत नाही.

शिक्षकांनी एक नियम विशेष ध्यानी घ्यावा. २०१९ पासून मैदानाबाहेर बसणाऱ्या प्रशिक्षकालाही कार्ड दाखविता येते. राखीव बाकावरून कोणी गैरवर्तन केले आणि तो कोण हे ठरविता आले नाही, तर कार्ड तेथील प्रमुख प्रशिक्षकाच्या वाट्याला येते. बाकावरील मुलांच्या वागण्याची जबाबदारी गुरुजींची आहे, हे शाळेत नेहमी सांगितले जाणारे तत्त्व आता खेळाच्या नियमांतही लिहिले गेले आहे.

खेळ पुन्हा कसा सुरू करावा?

तिसऱ्या प्रश्नाचे सूत्र असे : शिट्टी वाजली तेव्हा खेळ कशामुळे थांबला, ते पाहावे. कार्ड कोणते दाखविले, यावरून पुनरारंभ ठरत नाही. काही उदाहरणे घेऊ.

समजा, चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला आणि त्यानंतर दोन मुलांनी एकमेकांना धक्के मारले. पंचाने दोघांनाही योग्य ते कार्ड दाखवावे. पण खेळ थांबला तो चेंडू बाहेर गेल्याने. म्हणून सुरुवात थ्रो-इननेच होईल. चेंडू बाहेर असताना घडलेल्या कृत्याबद्दल कार्ड देता येते, फ्री किक देता येत नाही. गावच्या सामन्यात सर्वाधिक गफलत येथे होते.

समजा, चेंडू खेळात असताना एक मुलगा पंचाला उद्देशून अपशब्द बोलला आणि पंचाने केवळ त्यासाठी खेळ थांबविला. मुलाला लाल कार्ड मिळेल, कारण शिवीगाळ ही गंभीर बाब आहे. तरीही पुनरारंभ अप्रत्यक्ष फ्री किकने होईल, कारण शब्दाने केलेल्या दोषासाठी हीच भरपाई ठरलेली आहे. कार्ड जड, भरपाई हलकी, यात विसंगती नाही.

समजा, एखादे कुत्रे मैदानात शिरून चेंडूच्या आड आले, किंवा एखाद्या मुलाच्या डोक्याला मार लागला म्हणून खेळ थांबविला. येथे कोणाचाच दोष नाही. ज्या संघाकडे चेंडू होता त्याच्या एका खेळाडूसमोर पंचाने चेंडू टाकावा आणि बाकी सर्वांनी ४ मीटर दूर राहावे. चेंडू पेनल्टी क्षेत्रात असताना खेळ थांबला असेल तर तो बचाव करणाऱ्या गोलरक्षकासमोर टाकावा. पूर्वी दोन्ही संघांचे खेळाडू समोरासमोर उभे राहून या चेंडूसाठी झुंजत; २०१९ साली ही पद्धत बदलली. जुन्या आठवणीवर विसंबणाऱ्या पंचाची येथे चूक होण्याचा संभव असतो.

नियम बदलत असतात याचे ताजे उदाहरण गोलरक्षकाचे आहे. हातात चेंडू धरून ठेवण्याची मर्यादा २०२५ च्या नियमावलीत ८ सेकंद झाली आणि ती ओलांडली तर प्रतिपक्षाला कॉर्नर किक मिळू लागली. शेवटचे पाच सेकंद पंचाने हात वर करून, बोटांनी दाखवीत मोजावयाचे असतात. त्यापूर्वी मर्यादा ६ सेकंदांची आणि भरपाई अप्रत्यक्ष फ्री किकची होती. कपाटातील जुनी पुस्तिका काढून सामना चालविण्यापूर्वी तिच्यावरील वर्ष पाहावे, ते याचसाठी.

शिट्टी केव्हा वाजवू नये, हेही नियम सांगतात. पाडलेल्या मुलाच्या सहकाऱ्याकडे चेंडू गेला आणि तो गोलाकडे धावत असेल, तर खेळ थांबविल्याने दोष करणाऱ्याचाच फायदा होतो. अशा वेळी पंचाने दोन्ही हात पुढे करून खेळ चालू ठेवावा. काही सेकंदांत तो लाभ प्रत्यक्षात आला नाही तर मूळ दोषाकडे परत येता येते. कार्ड द्यावयाचे असल्यास पुढे खेळ थांबेल तेव्हा ते दाखवावे. आपली चूक लक्षात आल्यास पंचाला निर्णय बदलता येतो, पण खेळ पुन्हा सुरू होईपर्यंतच. म्हणून घाई न करता, सहायक पंचाकडे एक नजर टाकून मगच पुनरारंभाची खूण करावी.

नियम खेळाला राखतात

नियमांची एवढी चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. जुन्नर आणि आंबेगाव येथील लोकांना याचे उत्तर स्वतःच्या अनुभवातून ठाऊक आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलगाडा शर्यती बंद झाल्या. राज्याने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली आणि शर्यतींसाठी नियम केले. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने शर्यतींना अटींसह अनुमती दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. ज्या घाटांत वर्षानुवर्षे शांतता होती तेथे पुन्हा गाडे धावू लागले, ते जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेऊन आणि जनावरांना क्रूर वागणूक न देण्याचे बंधन स्वीकारून. नियमाविना खेळ टिकत नाही, हे या दोन तालुक्यांनी इतरांपेक्षा अधिक जवळून पाहिले आहे.

शाळेच्या मैदानावर जे पणाला लागते ते त्याहून कमी मोलाचे नाही. बेदरकार लाथेने मोडलेले हाड डोंगराकडच्या वाडीतील मुलाला कित्येक आठवडे शाळेपासून दूर ठेवते. मुलींच्या संघाच्या बाबतीत तर एका गोंधळाच्या सामन्यानंतर पालक मुलीला पुन्हा मैदानावर पाठविण्यास कचरतात. मैदान सुरक्षित आहे आणि पंच निःपक्षपाती आहे, हा विश्वास असेल तरच ती मुलगी खेळत राहील, आणि पुढे कदाचित शिट्टीही हाती घेईल. गोव्याच्या युवेना फर्नांडिस यांनी २०१६ साली जॉर्डनमध्ये झालेल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषक स्पर्धेत सहायक पंच म्हणून काम केले. पंचाचे काम मुलींच्या आवाक्याबाहेरचे नाही, हे सांगण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

गावाने काय करावे?

या कामी पंचायतीचा वाटा मोठा आहे. फक्कीच्या रेषा ठळक हव्यात. पेनल्टी क्षेत्राची रेषा पुसट असेल तर दोष आत घडला की बाहेर, याचा निवाडा कोणालाच करता येणार नाही. गोलाचे खांब जमिनीत पक्के रोवलेले असावेत, कारण सुटा सांगाडा मुलाच्या अंगावर पडण्याचा धोका असतो. प्रेक्षकांसाठी रेषेपासून काही अंतरावर दोर बांधावा. पंच आणि सहायक पंच शक्यतो तिसऱ्या गावचे असावेत. प्रथमोपचाराची पेटी आणि पिण्याचे पाणी हाताशी असावे.

शिक्षकांनी सामन्यापूर्वी दोन्ही संघांना एकत्र बसवून हे तीन प्रश्न समजावून द्यावेत. पंचाशी बोलावयाचे ते कर्णधाराने, हे त्याच वेळी ठरवून द्यावे. शालेय आणि प्राथमिक पातळीवरील सामन्यांसाठी नियमांत काही सवलती ठेवलेल्या आहेत : लहान मैदान, कमी वेळ, बदललेल्या खेळाडूला पुन्हा आत घेणे, आणि पिवळ्या कार्डाबरोबर खेळाडूला काही मिनिटे बाहेर बसविणे. यांतील काय लागू राहील हे आयोजकांनी स्पर्धेपूर्वीच लेखी जाहीर करावे. सामना चालू असताना केलेला नियम कितीही चांगला असला, तरी हरणाऱ्या बाजूला तो पक्षपातच वाटतो.

आपल्या भाषेत गावचा न्याय करणाऱ्यालाही पंच म्हणतात आणि खेळाचा निवाडा करणाऱ्यालाही पंचच म्हणतात. दोघांकडून अपेक्षा एकच असते : सोसणाऱ्याला त्याचे मिळावे, चुकणाऱ्याला योग्य तेवढीच शिक्षा व्हावी आणि त्यानंतर व्यवहार पुन्हा सुरळीत चालू व्हावा. येत्या हंगामात पावसाने उघडीप दिली की या दोन तालुक्यांतील पटांगणांवर फुटबॉल पुन्हा धावू लागेल. त्या वेळी शिट्टी ज्या शिक्षकाच्या हाती असेल त्याने हे तीन प्रश्न क्रमाने विचारावेत, आणि गावाने त्याच्या निर्णयाचा मान राखावा, एवढीच अपेक्षा.